आतल्या खोलीपर्यंत पोचणारी केबल

बिराजदार सर कुठल्याही दारातून आधी बाहेर पडलेले मी कधी पाहिले नाहीत. लग्नाचा मांडव असो, बँक असो की स्टाफरूम, दाराशी आले की ते अंग चोरून बाजूला व्हायचे, हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढं." आपण "नाही, तुम्ही" म्हणून पाहावं तर सर तिथेच उभे. आग्रह नाही, घाई नाही, पण हलणारही नाहीत. लातुरात शिकवणीच्या पहिल्या बाकासाठी पोरं कोपरानं वाट काढत असताना हा माणूस मला सुरुवातीला फार सुसंस्कृत वाटला. पुढेपुढे त्याचा कंटाळा यायला लागला. शेवटी मी "बरं, होते" म्हणून सरळ निघून जायची.

मी त्यांच्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरभर शिकवण्यांचे फलक लागले, तेव्हा मराठीच्या बाईंना गावात काय किंमत उरली होती ते सांगत बसत नाही. माझ्या तासाला पोरं पुस्तकाआड फिजिक्सची गणितं सोडवायची, आणि ती गणितं बिराजदार सरांनी दिलेली असायची. त्यामुळे त्यांच्यावर माझा एक कायमचा राग होता. त्यात आमची घरं समोरासमोर. रागानं तोंड फिरवावं म्हटलं तरी खिडकी उघडली की समोर सरच.

एकदा पेपर तपासायच्या कामासाठी आम्ही दोघं एसटीनं मुखेडला गेलो. बाजाराचा दिवस होता, गाडी खच्चून भरलेली. मी उतरले, बाजारची माणसं टोपल्यांसकट उतरली, आणि सर दाराशी एका म्हाताऱ्याला "तुम्ही व्हा पुढं" म्हणत उभे. म्हातारा पुढच्या गावचा, त्याला उतरायचंच नव्हतं. तो म्हणतोय, "न्हाई, तुमीच व्हा," आणि सर जागचे हलत नाहीत. तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली. मागच्या काचेतून माझ्याकडे शांतपणे हात हलवत सर पुढच्या गावाला गेले. उलट्या गाडीनं परत आले तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, "एकदा आधी उतरला असता तर काय बिघडलं असतं, सर?" ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, आधी उतरलेल्या माणसाला मागं कोण राहिलं ते दिसत नाही." मला वाटलं, फिजिक्सवाले असंच काहीतरी बोलतात.

संध्याकाळी ते एका मोठ्या शिकवणीत शिकवायला जायचे. तिसऱ्या मजल्यावर हॉल, शेकडो पोरं आणि खाली यायला एकच अरुंद जिना. तास संपला की पोरांना गावाच्या दुसऱ्या टोकाला केमिस्ट्री गाठायची असायची. सर चौकटीला हात लावून शेवटचं पोर उतरेपर्यंत उभे राहायचे. पोरांनी त्यांचं नाव 'दरवान' ठेवलं होतं. शिकवणीच्या मालकानं त्यांना भागीदारी देऊ केली, नवा हॉल, दारावर नाव, सगळं काही. सरांनी एकच विचारलं, "जिने किती?" मालक म्हणाला, "जिना एकच हाय सर, पण संगमरवरी हाय." सरांनी भागीदारी घेतली नाही. फिजिक्स येणाऱ्या माणसानं त्या दिवसांत भागीदारी नाकारणं म्हणजे वेडेपणाच होता, आणि लोकांनी तो तसाच मोजला.

पण त्यांचा खरा वेडेपणा घरासमोर कडुलिंबाखाली उभा असायचा. भूकंपात आमच्या गल्लीतलं एकही घर पडलं नाही. भिंतींना भेगा गेल्या, मांडण्यांवरची भांडी पडली, एवढंच. पण तिकडे गावंच्या गावं गेल्याचं ऐकल्यावर स्लॅबखाली कुणाचा डोळा लागेना. आम्ही सगळे रस्त्यावर झोपायचो. उशाशी पेला उपडा घालायचा, त्यावर लोटी ठेवायची. जमीन हलली की लोटी पडावी आणि जाग यावी. मांजरानं लोटी पाडली की अख्खी गल्ली उठून बसायची. थंडी पडली तशी एकेक माणसं घरात गेली. बिराजदार सर गेले नाहीत. त्यांनी एक जुनी मॅटॅडोर घेतली, बेकरीचे पाव वाटत फिरणारी. गॅरेजवाल्याकडून तिच्यात झोपायला फळी, एक कपाट आणि स्टोव्हपुरता ओटा करून घेतला, आणि ते तिच्यात झोपायला लागले. त्यांची बायको शांताक्का आणि लहानगी अश्विनी घरात, सर गाडीत.

कुणी विचारलं तर सांगायचे, "ही फिरती प्रयोगशाळा आहे." ते खोटं नव्हतं. सुट्टीत ते रेणापूर, लोह्याकडच्या शाळांत गाडी नेत, पोरांना भिंगं, चुंबकं दाखवत. पण राहायची सगळी सोय असलेली ती गाडी परगावी मुक्कामाला कधी राहिली नाही. दिवस मावळायच्या आत ती घरासमोर हजर असायची. गल्लीनं अर्थ काढला की सर भितात. पानाच्या दुकानावर कुणीतरी विचारायचं, "सर, आज किती रिश्टर?" सर हसायचे. ते हसू मला बरं वाटायचं नाही, कारण त्यात समोरच्याला माफ केल्याची खूण नसायची. आपल्याला हे ऐकायलाच हवं, असं काहीतरी त्यात असायचं.

सुरुवातीची वर्षं गाडीत नुसती बॅटरी होती. मग सौर पॅनल मिळायला लागली तशी त्यांनी दोन आणली. अडचण अशी की गाडी लिंबाच्या सावलीत आणि ऊन समोरच्या मोकळ्या प्लॉटवर. म्हणून पॅनल टपावर न ठोकता त्यांनी घडीच्या लोखंडी घोड्यांवर ठेवली. सकाळी ती तोंड एकीकडे करून उभी, दुपारी दुसरीकडे. सर कॉलेजात असले की शांताक्का स्वयंपाक टाकून उठायच्या आणि पॅनल वळवून यायच्या. पॅनलपासून गाडीपर्यंत वायर, आणि त्या वायरवरून सरांचं कधी समाधान व्हायचं नाही. उन्हानं एकीचं प्लास्टिक तडकलं. दुसरी खारीनं कुरतडली. तिसरीचा जोड पीळ देऊन टेप मारलेला होता, तो पावसात हिरवा पडला. एवढ्या चांगल्या वायरी त्यांनी फेकून दिलेल्या पाहून माझा जीव तुटायचा.

शेवटी ते म्हणाले, नांदेडला जाऊन एकदाची नीट केबल आणू. नांदेड माझं माहेर, म्हणून मीही गाडीत बसले. शांताक्का होत्याच. जुन्या बाजारात नईमभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं. सरांनी तिथे जाताना पिशवीत स्वतःची बॅटरी, बल्ब, मीटर आणि सुतळीचा एक गुंडा नेला होता.

"इतकी जाडी वायर कशाला सर?" नईमभाई म्हणाले. "दोन बल्ब तर जळणार तुमचे. ही पतली घ्या. नरम हाय, गुंडाळायला आसान."

सरांनी पातळ वायरचं सबंध भेंडोळं घेतलं, एका टोकाला बॅटरी लावली, दुसऱ्या टोकाला बल्ब. बल्ब पेटला, पण लालसर, मरगळलेला. "बघा, निघाले बारा आणि पोचले किती," सर मीटर दाखवत म्हणाले. "घरच्या लाइनीला हे चालून जातं. बारा व्होल्टला वाटेत सांडलेलं परवडत नाही." मग जाड तांब्याची केबल लावली. तोच बल्ब पांढरा झाला. नईमभाईंनी मान हलवली आणि चहा सांगितला, कारण हे लवकर आटपणार नाही हे त्यांनी ओळखलं.

मग कनेक्टर. पॅनलच्या बाजूला सरांनी ते गोल, टिचकन बसणारे घेतले. पावसाधुळीत तेच टिकतात म्हणाले. गाडीतून पुढे जाणाऱ्या दुसऱ्या केबलसाठी मात्र त्यांनी तेच गोल कनेक्टर हातात घेतले, डोळे मिटले आणि दोन्ही हात मुद्दाम थरथरवत ते एकमेकांत बसवायला लागले. बसेनात. पुन्हा केलं, पुन्हा नाही. गिऱ्हाइकं जमली.

"सर, आँख मिटून, हात हलवत कुणी कनेक्शन करतंय का?" नईमभाईंनी हसत विचारलं.

"करावं लागतं कधी कधी," सर म्हणाले आणि डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी दुसरा नमुना मागितला. तो करडा, चपटा, एकाच तुकड्यात दोन जिभा असलेला होता. उलटा धरला तर शिरतच नव्हता, सुलटा धरला की एका धक्क्यात आत. सरांनी तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला, हात आणखी थरथरवून पाहिला. दुकानात हशा चालला होता. शांताक्का सगळ्यांकडे पाठ करून छताला टांगलेल्या पंख्यांच्या किमती बघत उभ्या होत्या. त्यांना पंखा घ्यायचा नव्हता.

ही दुसरी केबल किती लांब हवी ते सरांनी सांगितलं नाही, सुतळीचा गुंडा पुढे केला. "एवढी. वर थोडी जास्त." नईमभाईंनी उलगडायला घेतली तर ती संपेचना. मी विचारलं, "अहो, कुठून कुठपर्यंत मोजली ही?" सर म्हणाले, "गाडीपासून आतल्या खोलीपर्यंत." घरात सरकारी वीज असताना गाडीची वीज आत कशाला न्यायची, ते मी विचारलं नाही. वेड्यांना किती विचारणार?

पुढे भारनियमनाचे दिवस आले आणि सरांची चेष्टा करणारी गल्ली सरांच्या दिव्याखाली आली. बारावीची पोरं गाडीशेजारी सतरंजी टाकून अभ्यास करायची. सर कुणाला बॅटरी द्यायचे, कुणाला दिवा, कुणाला वायर. फक्त ती एक जाड केबल, एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला तो चपटा कनेक्टर लावलेली, फाटकाच्या आत खिळ्यावर गोल गुंडाळून टांगलेली असायची. तिला कुणी हात लावायचा नाही.

माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं, ऐन भारनियमनात. मी सरांकडे तीच केबल मागायला गेले, कारण अंगणापासून माजघरापर्यंत दुसरी कुठली पोचत नव्हती. सरांनी बाकी सगळं काढून दिलं, पॅनलसुद्धा. "ती सोडून मागा, मॅडम," म्हणाले. माझं तोंड काही बरं नाही. मी म्हटलं, "ठेवा जपून. पुढच्या भूकंपाला लागेल तुम्हाला." सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हो." मी पाय आपटत परत आले आणि बरेच दिवस बोलले नाही.

एका दुपारी शांताक्का मेथीची जुडी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या, "राग धरू नका बाई त्यांचा. ती वायर ते मला बी देत न्हाईत."

"काय आहे एवढं तिच्यात?"

त्यांनी हातातली काडी बाजूला टाकली. मग सांगितलं. "भूकंपाच्या पहाटे हे पळाले. बाहेरच्या खोलीत झोपलेते, उठले ते सरळ रस्त्यावर. मी आन अश्विनी आतल्या खोलीत. लाईट गेलती, अंधारात मला कडी घावंना. हे बाहेरून वरडून राहिलेते, शांते, शांते. पण आत न्हाई आले. मग माझी मीच पोरगीला घेऊन आले. काय झालं न्हाई कुणाला, एक ताट पडलं मांडणीवरचं. पण सगळ्या गल्लीनं बघितलं की, आधी हे आले आन मागून आमी."

मी त्या पहाटे रस्त्यावर होतेच. मला असं काही पाहिल्याचं आठवत नव्हतं. मी माझंच काय काय सांभाळत होते. पण ज्याला लाज वाटते त्याला वाटतं, सगळे आपल्याकडेच बघत होते.

"लोकं म्हणतेत भेतेत म्हणून गाडीत झोपतेत," शांताक्का म्हणाल्या. "तसं न्हाई. त्यांचं म्हणणं, आत असलो की माझे पाय बाहेर पळतेत. बाहेरच असलो तर मला आत यावं लागंल. अंधारात दिवा घेऊन यायचं, म्हणून ती वायर. रोज झोपायच्या आधी लावून बघतेत, पेटतीया का."

"तुम्ही त्यांना कधी बोललात यावर?"

"काय बोलू? त्यांना आधीच लई लागलंय. उकरून कशाला काढावं." त्यांनी काड्या गोळा केल्या आणि उठल्या. त्या दिवशी मला नईमभाईंच्या दुकानातला हशा आठवला. मीही त्यात होते.

त्यानंतर वर्षं गेली. शिकवण्यांच्या इमारती आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत आल्या. सर निवृत्त झाले, मी झाले. अश्विनी पुण्याला गेली, तिला मुलगी झाली. मॅटॅडोर पुढे चालेनाशी झाली, पण झोपायला चालत होती. सर तिच्यात आणि शांताक्का घरात. हेच असं आयुष्यभर चालणार असं मी धरून चालले होते.

मग एका सकाळी जमीन हलली. मी दूध तापवत होते. पातेलं ओट्यावर वाजायला लागलं, आणि मी गॅस बंद न करता बाहेर आले. सगळी गल्ली बाहेर आली. अश्विनी लेकीला घेऊन माहेरी आलेली आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी आधी समोर पाहिलं. फाटक बंद होतं. केबल खिळ्यावर जशीच्या तशी. गाडीचं दार सताड उघडं, आणि सर तिथे नव्हते.

ते कोपऱ्यावर हापशाजवळ उभे होते, बनियनवर, अनवाणी. घरापासून लांब. तिथपर्यंत आपण कसे आलो हे त्यांना कळलेलं नव्हतं. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी वर पाहिलं, घराकडे, आणि परत खाली. चार पावलं टाकून घराकडे जावं इतकंही त्यांच्यात उरलं नव्हतं. जमीन केव्हाच थांबली होती. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. दुसऱ्याची लाज इतकी उघडी पाहण्याचा हक्क कुणालाच नसतो. शेजारच्या माणसांनीही ते ओळखलं असावं, कारण सगळे एकदम तारांकडे, आभाळाकडे, कुठेही बघायला लागले.

शांताक्का घरातून आल्याच नाहीत. त्या बोळातून आल्या, मागच्या अंगणाकडून, नातीला काखेत घेऊन. मागे अश्विनी. त्यांनी नातीला लेकीकडे दिलं आणि सरळ हापशाजवळ गेल्या. नकळत मीही त्यांच्यामागे गेले होते. हलावं की नाही ते मला समजेना.

"शांते, मी परत पळालो," सर म्हणाले.

"हाव, पळालाव. मी बी पळाले, मागच्या दारानं. पोरीला उचललं आन निघाले. तुमच्या लाईटीची वाट बघत बसते का?"

सर म्हणाले, "त्या वक्ताला मी आत यायला पाहिजे होतं."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या. कुणीही तेच म्हणालं असतं.

"पायजे होतं," शांताक्का म्हणाल्या. "लई राग आलता मला. दोन-चार दिस जेवले न्हाई तुमच्यासंगं. मग गेला राग."

"मला सांगितलं न्हाईस कधी."

"तुमी कवा इचारलं?"

सर हापशाच्या कट्ट्यावर बसले. रडले की नाही ते मी पाहिलं नाही, कारण मी तेवढ्यात घराकडे वळले. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. मी खिडक्या उघडल्या आणि पुसत राहिले.

पुढे मी नांदेडला भावाकडे राहायला गेले. लातूरला गेले तेव्हा समोरच्या घरी डोकावले. दुपार होती. लिंबाखाली गाडी नव्हती, भंगारवाल्यानं नेली म्हणे. शांताक्कांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मला आत नेलं. आतल्या खोलीत, स्लॅबखाली, पलंगावर सर झोपले होते. एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं. चष्मा काढलेला असल्यामुळे ओळखू येत नव्हते.

मी हळूच विचारलं, "आता भीती वाटत नाही त्यांना?"

"वाटती की. मधीच दचकून उठतेत, माझा हात धरतेत, आन परत झोपतेत."

मी म्हटलं, उठेपर्यंत थांबते, भेटून जाते. शांताक्कांनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि मला दाराकडे वळवलं.

"नका थांबू बाई. लई वर्सांची झोप हाय. होऊ द्या."